उताराच्या तोंडाशी

आबांचा फोन आला तेव्हा मी कर्जतजवळच्या एका गोठ्यात म्हशीची अडकलेली जार काढत होते. खांद्यापर्यंत हात आत, आणि मालकाच्या पोराने फोन माझ्या कानाला लावून धरलेला.

"ताई, चांदणी अडेल झालीया. एकदा येऊन सुई टोचा, नायतर पोरगा विकून टाकतो म्हणतोय."

"लंगडते का?"

"नाय."

"खाते?"

"चंदी सगळी खाते. लीद पण बरोबर."

"मग सुई कसली टोचू आबा?"

"त्ये तुम्हीच बघा," म्हणाले आणि फोन ठेवला.

चांदणीला मी ओळखत होते. पाच वर्षांपूर्वी आबांनी तिला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. तापीकाठची, दत्तजयंतीची यात्रा. घोड्यांच्या बाजारात दात आणि भोवरे बघून सौदे होतात तिथे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी. आबांच्या तीन जनावरांत सगळ्यांत गरीब. रडणारं पोर असलं, घाबरलेल्या आजी असल्या, की स्टँडवरचे बाकीचे घोडेवालेसुद्धा "चांदणीवर बसवा" म्हणायचे. अशी घोडी अडते म्हटल्यावर मला सुईपेक्षा काळजीच जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेरळहून घाट चढून दस्तुरीला गाडी लावली. माथेरानला पुढे मोटार नाही, डॉक्टर असलात तरी पिशवी खांद्यावर घेऊन चालायचं. दिवाळीची गर्दी ओसरली होती. लाल माती, झाडीतून झिरपणारं ऊन आणि लिदीचा वास. मला तो आवडतो, टुरिस्टांना नाही. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता ब्लॉक बसवलेत. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली तेव्हापासून या रस्त्यावरून गावात दोन तट आहेत. घोडेवाल्यांचं म्हणणं, ओल्या ब्लॉकवर नाल घसरते. त्यात काही खोटं नाही. लोखंडी नालेला मातीत रुतायला जागा मिळते, गुळगुळीत फरशीवर मिळत नाही.

आबांच्या ठाण्यावर पोहोचले तर तिथे माझ्याआधी पाच-सहा डॉक्टर हजर. एक म्हणाला, घोडी आहे, माजावर असेल. दुसऱ्याच्या मते झाडीत बिबट्याचा वास लागला असणार. तिसऱ्याने तर निदान करून औषधही दिलं होतं: कपाळपट्टीला काळी बाहुली बांधलेली. आबा स्वतः पिसारनाथाला नारळ फोडून आले होते, कारण घोडी अडायची ती शार्लोट तलावाकडे, म्हणजे देवाच्याच वाटेला. आणि आबांचा पोरगा, पंचविशीतला, हातात निगडीची ओली काठी घेऊन उभा होता. तो काहीच बोलत नव्हता.

"नक्की काय करते?" मी विचारलं.

"बाजारातून चांगली निघते. तलावाचा उतार लागला की थांबते. पुढचे दोन पाय असे रोवते. मारलं तर मागे सरकते, पण पुढे पाऊल नाय. टुरिस्ट उतरून चालत गेला की मग येते गुमान मागून."

"कोणीही बसलं तरी?"

"नाय ना! तीच तर लबाडी. माझा नातू बसला की जाते. गिऱ्हाईक बसलं की अडते. माणूस ओळखते ती."

सगळे हसले. मीही हसले. या वाक्यात सगळं निदान होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मराठीने अडेलतट्टू हा शब्द करून तट्टाच्या जातीवर मोठा अन्याय केलाय, असं मला नेहमी वाटतं. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. नकोसं काही दिसलं की पळणं हा त्याचा स्वभाव. असं जनावर पळायचं सोडून जागीच उभं राहतं, मार खातं, तरी हलत नाही, तेव्हा पुढे जाणं त्याला मारापेक्षा वाईट वाटत असतं. हे मला पाठ आहे. तरीही त्या दिवशी अर्धा दिवस मी चुकीच्या टोकाला शोधत होते.

सुरुवात नेहमीसारखी. ताप नाही. नाडी ४०, म्हणजे घोड्याच्या हिशेबात ठीक, थोडी वरच्या अंगाला. पोटाचे आवाज दोन्ही बाजूंना व्यवस्थित. तोंड उघडून दात पाहिले. घोड्याचे दात झिजतात तसे वर सरकत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होतात. लगाम ओढला की गाल त्या धारेवर घासतो आणि घोडा अडतो. इथे तसं काही नव्हतं. डोळ्यांवर बॅटरी मारली. माझ्या डोक्यात होतं की तलावाचा उतार झाडीत आहे आणि उन्हातून सावलीत शिरताना घोड्याच्या डोळ्याला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. डोळे स्वच्छ. पाठीवरून दोन्ही हात फिरवले. मदारीपाशी, म्हणजे मानेच्या मुळाशी खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो तिथे, दाबल्यावर कातडी थरथरली आणि तिने कान मागे टाकले. हाताला किंचित ऊबही लागली. पण नुकतंच खोगीर काढलेल्या पाठीला ऊब असतेच, असं म्हणून मी पुढे सरकले. पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर खरचटल्याच्या खपल्या होत्या. विचारलं तर "पडली होती ब्लॉकवर, पंधरा दिवस झाले, लागलं नाय काही" असं उत्तर आलं.

मग खूर. पुढचा उजवा पाय उचलला, खूर दाबायचा मोठा चिमटा लावला आणि बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्यापाशी तिने पाय हिसडला. पुन्हा दाबलं, पुन्हा हिसडला. नाल ठोकून दहा दिवस झाले होते. खुराच्या कडेला मेलेल्या नखासारखा जो भाग असतो त्यातून खिळा वर निघायला हवा. तो जरा आत, जिवंत भागाच्या जवळून गेला तर आत टोचत नाही पण दाबत राहतो. आणि उतारावर घोड्याचा भार पुढच्या पायांवर येतो! सगळं चपखल बसलं. नालबंद चाचांना बोलावलं. ते आधी माझ्यावर चिडले, मग खिळा काढून नाकाशी धरून हुंगला (घाण वास आला तर आत पू), म्हणाले, "कोरडा आहे. पण हो, जरा आत गेलाय." भोकात आयोडीन सोडलं. स्टँडवर माझी वाहवा झाली. चहा आला, वर भजी आली.

भजी खाऊन आम्ही घोडी बाहेर काढली. एक घोडेवाला वर बसला, ऐंशीएक किलोचा माणूस. बाजारातून छान निघाली. मी मागून चालत होते आणि मनात बिलाचा आकडा ठरवत होते.

उताराच्या तोंडाशी चांदणी थांबली.

त्याच जागी. पुढचे पाय रोवले, शेपटी दोनदा फटकारली, मान वळवून स्वतःच्याच खांद्याकडे पाहिलं. आबांच्या पोराने काठी उचलली. "थांब रे," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच, कारण लाज त्याच्या आधी मला वाटली होती. नालबंद चाचा मिशीत हसत होते.

आता काय? वरचा माणूस उतरला. आबांचा नातू, अकरा-बारा वर्षांचा, उडी मारून बसला आणि घोडी निमूट उतार उतरून वीस पावलं गेली, वळून परत आली. तेव्हा कुठे सकाळचं वाक्य माझ्या डोक्यात वाजलं. माणूस ओळखते. माणूस ओळखत नव्हती ती. वजन ओळखत होती.

नातवाला उतरवलं. घोडी उताराकडे तोंड करून उभी केली. मी तिच्या डाव्या खांद्याशी उभी राहिले, खोगिराच्या पुढच्या कमानीखाली, नमद्याच्या, म्हणजे खोगिराखाली अंथरतात त्या जाड घडीच्या, वर हात सरकवला. रिकामं खोगीर, तीन बोटं सहज जात होती. आबा म्हणाले, "जीन नीट आहे हो, हातभर जागा आहे." त्या घोडेवाल्याला म्हटलं, "आता बस. हळू."

तो रिकिबीत पाय टाकून वर चढला आणि माझी बोटं अडकित्त्यात सापडल्यासारखी दाबली गेली. मी ओरडले. घोडी एक पाऊल मागे सरली. ती मागे सरली म्हणूनच माझा हात सुटला.

मधल्या बोटाचं नख निळं पडलं. ते पुढे दोन महिने तसंच होतं.

खोगीर काढून घेतलं. वरून बघाल तर काही नाही: जुनं पण तेल लावलेलं चामडं, शिवण शाबूत. पण चामड्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो आणि पुढे त्याला लोखंडी पट्टीने धरलेली कमान. ही कमान मदारीच्या दोन्ही बाजूंना उभी राहते, म्हणून स्वाराचं वजन कण्यावर न पडता बरगड्यांवरच्या मांसल भागावर पसरतं. मी खोगिराचं पुढचं टोक मांडीला टेकवलं आणि मागचं टोक दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं. धड सांगाडा जवळजवळ हलत नाही. हा मधून दुमडला आणि आत कुठेतरी ओल्या फाट्यासारखा कर्रर्र आवाज झाला. कमानीची एक बाजूही सैल होती.

"आबा, घोडी पडली तेव्हा पाठीवर खोगीर होतं?"

"होतं की. रिकामी होती, टुरिस्ट नव्हता. कुशीवर पडली, लोळली, उठली."

म्हणजे तीनशे किलोच्या आसपासचं जनावर त्या खोगिरावर लोळलं होतं. त्या दिवशी सगळ्यांनी घोडीचे गुडघे पाहिले, हळद भरली. खोगिराकडे कुणी पाहिलं नाही. ते झाडावर टांगलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवलं. सपाटीवर हलकं पोर बसलं तर मोडकी कमान तग धरायची. मोठा माणूस बसला की ती फाकायची आणि लाकूड मदारीवर टेकायचं. उतारावर सगळं खोगीरच पुढे सरकतं. तिथे प्रत्येक पावलाला खांद्याचं हाड मागे येताना त्या तुटक्या टोकावर आपटत असणार. पंधरा दिवस.

आबांचा पोरगा पुढे आला. खोगीर त्याने माझ्या हातातून घेतलं, तसंच मांडीला लावून ओढलं. कर्रर्र. परत ओढलं. मग कमानीखाली आपली बोटं घातली आणि मोकळ्या हाताने वरून दाबलं. तोंडातून आवाज काढला नाही. काठी कधी टाकली, कुणी पाहिलं नाही. परतताना ती उताराच्या कडेला पडलेली होती.

मी मदारी पुन्हा तपासली, या वेळी सावकाश. उंचवट्याच्या डाव्या अंगाला लिंबाएवढी मऊ सूज, सकाळपेक्षा गरम. सकाळी मी जिला खोगिराची ऊब म्हणाले, तीच. कातडी फाटली नव्हती हे नशीब. मदारीत पू धरला तर महिनोन्‌महिने वाहतो. थंड पाण्याच्या पट्ट्या, सुजेचं औषध, आणि तीन आठवडे पाठीवर काही नाही. नमदासुद्धा नाही.

"तीन आठवडे?" आबा खालीच बसले. "ताई, नाताळ तोंडावर आलाय."

घासाघीस झाली. दोन आठवड्यांवर या म्हणाले, मी आले नाही. उलट टेप काढून तिची छाती मोजली, १५५ सेंटिमीटर, आणि लांबी १४०. छातीच्या मापाचा वर्ग करून लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. वजन निघालं २८३ किलो. त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं घालू नये असं आमच्याकडे धरतात, तेही खोगिरासकट. म्हणजे छपन्न-सत्तावन्न किलो. आबांनी आकडा ऐकला, स्टँडकडे मान वळवून एका भरदार टुरिस्टाकडे बघितलं, आणि म्हणाले, "मग आमी काय फकस्त पोरं बसवायची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीझनच्या दोन-अडीच महिन्यांत वर्षाचं कमवायचं असतं त्यांना, आणि चंदीचा भाव काही कमी होत नाही. मी म्हटलं, चांदणीवर तरी पोरंच बसवा.

निघताना पैसे विचारले. मी सांगितले. आबांनी मोजून दिले आणि थोडं थांबून म्हणाले, "सुई नाय टोचली पण."

चांदणी नाताळात पोरंच वाहत होती, नव्या सांगाड्याच्या खोगिरात. जानेवारीत मला आबांच्या पोराचा फोन आला. स्वतःहून पहिल्यांदाच. शेजारच्या ठाण्यावरचा एक घोडा पुढे जात नाही म्हणे. मालक विकायला निघालाय.

"जीन ओढून बघितलं मी," तो म्हणाला. "ते धड आहे. खिळेपण चाचांनी दाबून बघितले. आता काय बघू?"

मी विचारलं, "अडतो कुठे?"

"थांबा," तो म्हणाला, "ते इचारायचं राहिलं," आणि फोन चालू ठेवूनच पळत सुटला. माझ्या कानात बराच वेळ नुसत्या त्याच्या चपला वाजत होत्या.