अल्कोहोलने पुसलं तरी फायबरच्या टोकावर डाग राहतो, तो कुठून येतो

ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे उजेडाने सिग्नल नेणाऱ्या काचेच्या तारेच्या, कामात सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट कुठली असं विचाराल तर मी तुटलेली केबल सांगणार नाही. तुटलेली केबल ओटीडीआरवर, म्हणजे केबलमध्ये उजेड सोडून बिघाड शोधणाऱ्या यंत्रावर, सरळ दिसते, किती मीटरवर तुटलीय तेही कळतं, जायचं आणि जोडून यायचं. डोकं फिरवतो तो नुकताच पुसलेला कनेक्टर, केबलच्या टोकाचा जोड. पुसायच्या आधी लॉस, म्हणजे उजेडाची गळती, होता, पुसल्यावर पण आहे, कधी तर वाढलेला, आणि पुसणारा शपथेवर सांगतो की अल्कोहोलने साफ केलंय. केलंच असणार हो. प्रश्न पुढचा आहे, ते अल्कोहोल गेलं कुठे?

आधी साइज डोक्यात घ्या. सिंगल मोड फायबरचा कोअर, म्हणजे उजेड जातो तो मधला भाग, साधारण ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याच्याभोवतीचं काचेचं आवरण, क्लॅडिंग, धरून १२५ मायक्रॉन, आणि हे सगळं पोटात घेऊन बसलेला पांढरा सिरॅमिकचा बारीक दांडा, फेरूल, एससी जातीच्या कनेक्टरमध्ये २.५ मिलिमीटर जाड आणि एलसीत त्याच्या निम्मा, १.२५. म्हणजे आपल्याला जे टोक दिसतं ते जवळपास सगळं सिरॅमिकच, उजेड जातो ती जागा डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे "बघ ना, स्वच्छ आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. आणि मुळात टोकात डोळा घालून बघायचंच नाही. १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा लेझर दिसत नाही पण डोळ्याची वाट लावू शकतो, कुणी कितीही सांगितलं लाइन बंद आहे तरी पॉवर मीटर लावून खात्री करायची मगच हात लावायचा.

आता डागाचं. टोकावर जी घाण असते ती ढोबळमानाने दोन जातीची. एक सुटी धूळ, आणि दुसरी चिकट, म्हणजे बोटाचं तेल, हँड क्रीम, केबलमधलं जेल वगैरे. आयपीए, म्हणजे आपलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, या चिकट घाणीला विरघळवतं. इथेच गल्लत होते, कारण विरघळलं म्हणजे गेलं असं वाटतं. गेलेलं नसतं, ते लिक्विडमध्ये उतरलेलं असतं एवढंच. मग लिक्विड उडून जातं, तेल कुठे उडणार? चष्म्यावर पाण्याचा थेंब तसाच सुकू दिला की कशी गोल खूण उमटते, तोच प्रकार. कधी टोक ओलं करून लगेच स्कोपखाली, म्हणजे टोक मोठं करून दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, धरून बघा, मजा असते. ओला भाग कडेकडेने आत सरकत येतो, लहान लहान होत जातो, मध्येच एखादा धुळीचा कण सोबत ओढून आणतो, आणि शेवटचा थेंब जिथे सुकतो तिथे फिकट कडांचं एक वर्तुळ ठेवून जातो. नशीब वाईट असेल तर बरोब्बर कोअरवर. पुसायच्या आधी हेच तेल बाजूला क्लॅडिंगवर पडलेलं होतं, कुणाला त्रास देत नव्हतं!

म्हणून माझा आग्रह एकच, ओलं केलंत तर सुकायच्या आत कोरड्याने उचला. हवेवर सोडायचं नाही, फुंकर मारून सुकवायचं तर अजिबात नाही, फुंकरीत थुंकीचे बारीक थेंब असतात.

प्रत्यक्षात हे कसं करायचं तर लिंट, म्हणजे बारीक धागे, न सोडणाऱ्या वाइपची (पुसायच्या कागदाची) घडी घालून ती मऊ पॅडवर ठेवायची, कडक टेबलावर नको. घडीच्या एका बाजूला आयपीएचा लहान थेंब, चिंब करायची गरज नाही. फेरूल सरळ उभा धरून ओल्या भागावर टेकवायचा आणि एका दमात सरळ रेषेत कोरड्या भागाकडे ओढत न्यायचा, हलक्या हाताने. म्हणजे ओल्यात घाण सुटते आणि लगेच पुढच्या दोन बोटं कोरड्या कागदात ती लिक्विडसकट शोषली जाते, टोकावर सुकायला काही उरतच नाही. परत करायचं असेल तर वाइपची नवीन जागा. त्याच जागेवरून परत ओढलं तर आत्ता काढलेलीच घाण परत लावून घेताय. काही लोक इंग्रजी आठचा आकडा काढत घासत बसतात, ती सवय पॉलिशिंगची आहे, तिथे ती ठीक, पुसताना नको. हिरवा एपीसी कनेक्टर असेल तर टोक ८ अंशात तिरकं कापलेलं असतं, तेव्हा फेरूल थोडा कलवून पूर्ण तोंड कागदाला लागेल असं बघायचं, नाहीतर फक्त पुढे आलेली कड पुसली जाते आणि आपण खूश.

अल्कोहोल कुठलं हा पण मुद्दा आहे. जखम पुसायचं ७० टक्केवालं नको, उरलेलं बहुतेक पाणीच असतं, ते सावकाश सुकतं आणि खूण सोडतं, शिवाय काहींमध्ये वास किंवा रंग घातलेला असतो तो वेगळा. ९९ टक्के किंवा वरचं घ्या. पण ९९ टक्केवाली बाटली पण झाकण उघडं टाकून ठेवली की हवेतली ओल ओढून घेते, आणि त्यात कुणी वापरलेला वाइप बुडवला की संपलंच, मग तुम्ही पातळ केलेलं तेल प्रत्येक कनेक्टरला लावत फिरताय. लहान बाटली, झाकण बंद, विस्तवापासून लांब.

बरं, हे सगळं ओलं प्रकरण दरवेळी लागतं का? नाही. मी आधी कोरडंच करतो, क्लिक क्लीनर किंवा रीळवाली कॅसेट (दोन्ही कोरड्या पट्टीने पुसणारी साधनं), मग स्कोप, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. जे लिक्विड लावलंच नाही त्याचा डाग कुठून पडणार. कोरड्याचे तोटे दोन, घासल्याने स्टॅटिक चार्ज तयार होतो आणि आजूबाजूची धूळ टोकाला येऊन चिकटते, आणि वाळून घट्ट बसलेली घाण नुसत्या कोरड्याने निघत नाही. अशा वेळी ओलं-ते-कोरडं, आणि प्रत्येक वेळी नंतर स्कोप. स्कोप नसेल तर पुसणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. आयईसी ६१३००-३-३५ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात टोकाचे झोन पाडलेत, कोअरभोवतीच्या मधल्या झोनला नियम सगळ्यात कडक आणि बाहेर जाल तसे सैल, त्यामुळे कडेच्या प्रत्येक ठिपक्यामागे जीव टाकायची गरज नाही हेही तिथूनच कळतं.

पोर्टच्या आतलं टोक मात्र जास्त त्रासदायक. तिथे अ‍ॅडॅप्टरच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे दोन फेरूल समोरासमोर धरणाऱ्या नळीत, लिक्विड गेलं की फटीत लपून बसतं, आपण पुसतो, स्कोपमध्ये एकदम छान दिसतं, आणि पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल, आत ढकलली की ते बाहेर येऊन दोन्ही टोकांच्या मध्ये पसरतं. एमपीओत, म्हणजे एकाच वेळी अनेक फायबर जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये, तर गाइड पिनच्या (टोकं जुळवणाऱ्या खिळ्यांच्या) बुडाशी थेंब साचतोच. म्हणून आत ओलं करायचंच झालं तर पुसायची काडी जेमतेम दमट, आणि लगेच पाठोपाठ कोरडी. डब्यातल्या हवेचा स्प्रे मारणारे पण बघितलेत, त्याचा प्रोपेलंट, म्हणजे आतला दाबाचा वायू, कधी कधी स्वतःच थर सोडतो, आणि तेलकट डागाला हवेने काही होत नाही. टीशर्ट, टिश्यू पेपर, कानात घालायचा कापूस, यांच्याबद्दल काय बोलायचं.

कनेक्टरच्या टोकावरच्या कॅपवर पण फार विश्वास ठेवू नका. कॅप धक्क्यापासून आणि धुळीपासून वाचवते, पण ती स्वतः स्वच्छ असते असं नाही, साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर आतून असू शकतो आणि तोच टोकाला लागतो. कोऱ्या पाकिटातून काढलेली पॅचकॉर्ड पण आधी स्कोपखाली, मगच पोर्टमध्ये. आणि पुसायची तर दोन्ही बाजू, कारण फेरूल एकमेकांवर दाबून बसतात, एका बाजूची घाण दुसरीवर छापली जाते, आणि मध्ये कडक कण सापडला तर तो काचेत घुसतो.

असं घुसलेलं काही असेल तर कुठलंच लिक्विड उपयोगाचं नाही. तीन-चारदा नीट पुसूनही ठिपका जागचा हलत नसेल, आकार पण तोच, तर तो डाग नाही, खड्डा आहे. पॅचकॉर्ड बदलायची, पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) असेल तर कापून नवीन स्प्लाइस, म्हणजे जोड, करायचा, आणि काढलेलं टोक लगेच वेगळं ठेवायचं, कारण नाहीतर कुणीतरी ते चांगलं समजून परत दुसऱ्या पोर्टमध्ये घालतंच.