आमची वाटचाल : रातांब्याच्या बियांपर्यंत कसे पोचलो

आमचं छोटं युनिट कुडाळजवळ आहे, कोकम हाच धंदा. सुरुवातीला आमसुलं, आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) आणि अमृत कोकम (साखर घातलेलं सरबताचं सिरप) एवढंच करायचो, घरचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणि सासूबाईंचा हात. माल खपत होता पण मला एकच प्रश्न छळायचा, साखर तीच, प्रमाण तेच, मग एका बॅचचं सरबत दाट आणि दुसरीचं पातळ असं का?

म्हणून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण मोजायचं यंत्र, मागवला. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा आणि आकडा वाचायचा, बस. सिरप म्हणून विकायचं तर 65 ब्रिक्स (शंभर ग्रॅममध्ये साधारण 65 ग्रॅम विरघळलेली साखर) तरी लागतो. सासूबाई चमच्याची धार बघून "झालं गो" म्हणायच्या तेव्हा मीटर 65 च्या आसपासच दाखवायचा, मला तर त्यांचं फार कौतुक वाटलं! आणि कमी यायचा तो पाऊस लागलेल्या रातांब्यांचा, म्हणजे गोम फळातच होती.

मग काय, झाडांच्या मागे लागले. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात, बी लावलं तर फुलं येईपर्यंत सात-आठ वर्षं कळतच नाही काय उगवलंय ते. म्हणून मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या रोपावर मादी झाडाची काडी, बांधायला शिकले, आणि कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची कलमं लावली, तिची फळं पावसाआधी तयार होतात.

पण खरी मजा आली बियांत. सोलं (फळाची सालं) काढली की बियांचा ढीग उरतो, आमच्याकडे त्या वाळवून, फोडून, गर वाटून पाण्यात उकळतात आणि वर आलेलं तेल थिजत आलं की मुठीत वळतात, ते मुठेल. पायाच्या भेगांवर सगळेच लावतात, मग ओठांना का नको? नुसतं मुठेल कडक, साधारण 38-40 अंशाला वितळतं, ओठांवर फिरतच नाही, म्हणून खोबरेल आणि मेण घालून प्रमाण बसवत गेले, वजनकाट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजून, वहीत लिहून. आता घरचे आणि शेजारपाजारचे सगळे तोच लिपबाम वापरतात.

विकायला मात्र फूडचं लायसन्स चालत नाही, कॉस्मेटिकचं वेगळं काढावं लागतं, सध्या त्याचे कागद गोळा करतेय. आणि संध्याकाळी साबणाचा हिशोब शिकतेय, कुठल्या तेलाला किती कॉस्टिक सोडा लागतो तो.