आबांचा फोटो आणि काच

आज आबांचा फोटो घेऊन लातूरला गंजगोलाईजवळच्या फ्रेमवाल्याकडे गेले. 1974 चा, ब्लॅक अँड व्हाइट, पटका बांधलेला. मागच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली अन् फोटोचा कोपरा काचेला चिकटला. मीच शहाणपणा करून ओढला. आबांच्या खांद्याचा एक पापुद्रा काचेवरच राहिला. अजून पोटात कालवतं.

"ताई, काच कंची बी घ्या, पण फोटोला टेकू देऊ नका," तो म्हणाला. मग फोटोभोवती माउंट म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवून मधली फट नखाने दाखवली. एवढीशी फट, पण काचेवर दव धरलं तरी फोटो वाचतो.

मला चमक नको म्हणून मॅट काच मागितली. माउंटवर ठेवली तर आबा धुक्यातून बघतायत असं वाटलं! ॲक्रिलिक हलकं, फुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात. शिवाय त्यावर स्थिर वीज साचते, त्यामुळे लेकीच्या कोळशाच्या चित्राची भुकटी ते ओढून घेईल. तिच्या चित्राला साधी काचच.

आबांसाठी अतिनील किरणं अडवणारी काच मागवली. महाग आहे. तरी फ्रेमवाल्याने बजावलंच, उन्हात टांगू नका, नुसत्या उजेडानंही फोटो विटतो. (अजिंठ्याला फ्लॅश उगाच बंद नाही.)

घरी येऊन आईला म्हटलं, फोटो आता आतल्या अंधाऱ्या भिंतीवर लावू.

"जन्मभर रानात राबलेला माणूस, त्याला उन्हाचं काय गं?"

खिळा अजून ठोकलेला नाही.