आरव्ही-७ चा लॉग: रंग ठरला, पट्ट्याने मात्र तीन आठवडे खाल्ले

घरी किटमधून बांधलेल्या माझ्या दोन सीटच्या विमानाचे, आरव्ही-७ चे, टेस्टिंगच्या उड्डाणांचे तास संपले, विमान उघड्या ॲल्युमिनियमवरच उडत होतं आणि मधेमधे प्रायमरचे डाग. आधी उडवा मग रंगवा असं ज्यांनी सांगितलं त्यांचे आभार, कारण टेस्टिंगमधेच व्हील पँट (चाकांवरची कव्हरं) परत अलाइन कराव्या लागल्या आणि रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या भागाला) एक छोटी ट्रिम वेज, म्हणजे पाचर, चिकटवावी लागली, रंग आधी झाला असता तर तो सगळा खरवडावा लागला असता. तर आता ते परत हँगरमधे आहे, कंट्रोल सरफेस (विमान वळवणारे हलते भाग) काढलेत, आणि ही नोंद फक्त रंगाची.

मला गडद निळं विमान हवं होतं. किट मागवलं तेव्हापासून. पूर्ण निळं, त्यावर मोत्यासारखी चमक असलेला पर्ल क्लिअर कोट, आणि एक बारीक चंदेरी रेघ. भिंतीवर त्याचं चित्र लावलं होतं आणि पहिला रिव्हेट ठोकला तेव्हापासून ते चित्र तिथेच होतं, त्यामुळे हे स्वप्न सोडताना त्रास झाला हे सांगून टाकतो.

पहिलं कारण ऊन. आरव्ही ॲल्युमिनियमची आहे हे खरं, पण काऊल (इंजिनवरचं कव्हर), विंगटिप, व्हील पँट, कॅनपीचा (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचा) स्कर्ट, सगळ्या फेअरिंग (हवा सरळ वाहावी म्हणून लावलेली कव्हरं) फायबरग्लासच्या. नुसत्या खोलीच्या तापमानाला क्युअर झालेल्या बऱ्याच इपॉक्सी (फायबरग्लास धरून ठेवणारं रेझिन) ६०-८० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतात. बर्ट रुटानची लाँग-ईझी आणि तिच्या घराण्यातली फोम-ग्लासची विमानं तुम्ही बहुतेक पांढरीच बघता ते उगाच नाही, तिथे पंखच त्या मटेरियलचा असतो. मी दोन तुकडे रंगवले, एक पांढरा एक निळा, आणि दुपारी उन्हात ठेवले. तासाभराने पांढऱ्यावर हात ठेवून निवांत बोलत उभं राहता येत होतं. निळ्यावर तीन आकडे मोजेपर्यंत हात उचलला. फेअरिंगचा तुकडा जरा दाबला तर कडेला लवतोय असं जाणवलं, आणि स्कर्ट तर मी स्वतः ओल्या रेझिनमधे ले-अप केलाय, तो एकदा वाकडा झाला की कॅनपी घासणार. तिथेच वरचा भाग निळा करायचा विषय संपला.

पर्लही गेला. विंगटिपच्या आत नेव्हिगेशनची अँटेना आहे, आणि मेटॅलिक किंवा धातूचे कण असलेला रंग अँटेनावर आला की सिग्नल दबतो. पर्लमधे प्रत्येक वेळी धातू असतोच असं नाही, बरेचसे अभ्रकाचे असतात, पण त्याची दुसरी अडचण मोठी आहे, टच-अप जुळत नाही. होमबिल्ट विमानाला ओरखडे येणारच, काऊल दर काही तासांनी निघणार, स्क्रूभोवती रंग उडणार. साध्या सॉलिड रंगात ब्रशनं ठिपका लावला तर तीन फुटांवरून कळत नाही, पर्लमधे अख्खं पॅनल परत मारावं लागतं.

मग दिसण्याचा प्रश्न, म्हणजे दुसऱ्या पायलटला दिसण्याचा. पांढरं विमान ढगाळ आकाशात किती लवकर हरवतं हे सर्किटमधे (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने नव्वदच्या दशकात आपली ट्रेनिंगची हॉक आणि टुकानो विमानं चकचकीत काळी केली ती यासाठीच, आकाशाच्या पार्श्वभूमीवर गडद आकृतीच सगळ्यात आधी नजरेत भरते. वाचताना डोक्यात आलं की गडद रंग मला वरून नकोय, खालून चालेल की! पोट आणि पंखाची खालची बाजू उन्हात नसतेच, तिथे निळा मारला तर विमान तापणार नाही आणि खालून बघणाऱ्याला आकाशावर गडद आकृती दिसेल. तर माझा निळा वाचला, फक्त पोटाशी गेला. वरून आणि बाजूने फिकट क्रीम, आणि टोकांना नारिंगी: दोन्ही विंगटिप, टेलची टोकं आणि स्पिनरच्या (प्रॉपेलरवरच्या टोपीच्या) मागे काऊलवर एक पट्टी. टोकं हलतात, वळताना वरखाली होतात, आणि हालचाल डोळ्याला लवकर सापडते.

पोट निळं केल्याने तेलाचे ओघळ लपतील असं दोघांनी सांगितलं. लपायला नकोच आहेत मला, तेल कुठून येतंय ते दिसलं पाहिजे, म्हणून काऊलची आतली बाजू आणि इंजिन माउंट पांढरंच ठेवलंय, माउंटला तडा गेला तर पांढऱ्यावर तो लगेच दिसतो. एक्झॉस्टचा करडा डाग निळ्यावरही उठून दिसणार, तो पुसत राहीन.

काही मित्रांनी इन्व्हेजन स्ट्राइप्स, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, सुचवल्या, आरव्हीवर त्या बऱ्याच जणांनी मारल्यात आणि छान दिसतात. पण मला ते पटलं नाही. १९४४ च्या जूनमधे नॉर्मंडीच्या वेळी त्या पट्ट्या आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून मारल्या होत्या, घाईघाईत, बऱ्याचशा ब्रशने. सिंगल इंजिनवर एकेक पट्टा १८ इंच, असे पाच, तीन पांढरे दोन काळे, म्हणजे ९० इंच. माझ्या आख्ख्या पंखांचा विस्तार २५ फूट, फ्यूजलाज (विमानाचं धड) वजा केला तर एका बाजूला उरतं किती. मग त्या लहान कराव्या लागतात आणि लहान केल्या की त्यांचा दम जातो, असं माझं मत.

आता वजन, इथे मी चुकलो ते सविस्तर सांगतो. दोन सीटच्या अशा विमानाला रंगाचं वजन साधारण ९ ते १२ किलो धरायचं, आणि त्यातला बराचसा भाग सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) मागे पडतो, म्हणून रंगानंतर परत वजन आणि सीजी काढणं आलंच. पण खरी गोष्ट कंट्रोल सरफेसची. एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) हिंजवर तोलला जातो, पुढच्या शिंगात (हिंजच्या पुढे आलेल्या टोकात) शिशाचं वजन असतं ते याचसाठी, आणि हिंजच्या मागे चढलेला प्रत्येक ग्रॅम तोल बिघडवतो. मागे जड झालेला सरफेस वेगात फडफडायला लागला की त्याला फ्लटर म्हणतात आणि तो सुरू झाल्यावर टेल तुटायला काही सेकंद पुरतात. यात दुमत नाही.

हे सगळं माहीत असूनही मी टेस्ट म्हणून आधी दोन्ही एलिव्हेटर पूर्ण नारिंगी मारले. नारिंगी, पिवळा, लाल, हे रंग झाकत नाहीत. खाली राखाडी प्रायमर होता, दोन हात मारले तरी राखाडी दिसत होता, तिसरा मारला, मग चौथा, मग कडेला एक ठिकाणी फिकट वाटला म्हणून अजून एक. वाळल्यावर दोन्ही एकत्र जोडून हिंजच्या पिनांवर टांगले. रंगाआधी शिंगाची बाजू हळूच खाली जायची, आता मागची कड धपकन खाली गेली. हातात शिशाचा तुकडा घेऊन शिंगावर ठेवत गेलो तर बराच लागला. शिसं वाढवून तोल आला असता, पण मग टेलच जड, सीजी अजून मागे. दोन दिवस पॉलिश पेपर मारून सगळा रंग उतरवला.

दुसऱ्यांदा असं केलं: एलिव्हेटर क्रीम, पातळ, आणि नारिंगी फक्त शिंगावर, म्हणजे हिंजच्या पुढे. तिथे चढलेला रंग उलट मदतच करतो. आणि नारिंगीखाली आधी पांढऱ्याचा एक पातळ हात, मग नारिंगी दोन हातांत झाकला. परत टांगले, शिंग हळूच खाली. तो क्षण मी बराच वेळ बघत उभा होतो.

(रंग मारणाऱ्यांसाठी, परत एकदा: दोन भागांच्या पॉलियुरेथेनमधे आयसोसायनेट असतं, त्याचा धोका वासावरून कळत नाही, साधा कोळशाचा मास्क त्याच्यावर अवलंबून राहण्याजोगा नाही. बाहेरची ताजी हवा नळीतून देणारा मास्कच वापरा आणि अंग झाका. एकदा त्याची ॲलर्जी बसली की ती जन्मभर राहते.)

हे सगळं ठरायला जेवढा वेळ गेला त्याहून जास्त एका पट्ट्यानं घेतला. क्रीम आणि निळा यांच्या सीमेवर, फ्यूजलाजच्या बाजूने, नाकापासून शेपटीपर्यंत जाणारी नारिंगी रेघ. कागदावर ती मी लाँगरॉनला (फ्यूजलाजच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीला) समांतर, सरळ आडवी काढली होती, साइड व्ह्यूमधे सुंदर दिसत होती. टेल स्टँडवर उचलली, पाणसळ लावून लाँगरॉन लेव्हल केला, लेझरची रेघ फ्यूजलाजवर पाडली आणि तिच्यावर निळी टेप लावली. लेव्हलमधे एकदम झकास. मग टेल खाली टेकवली आणि मुलगी पंधरा-वीस पावलं लांब जाऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, हे निघालंय असं नाही वाटत, बसलंय असं वाटतंय."

तिचं बरोबर होतं. टेलड्रॅगर (जिचं तिसरं चाक शेपटीखाली असतं ती) जमिनीवर दहा-बारा अंश नाक वर करून उभी असते, चार मीटरच्या रेघेला तेवढ्याने पाऊण मीटरच्या आसपास उतार येतो, सगळी रेघ शेपटीकडे ओघळल्यासारखी दिसते. साइड व्ह्यूच्या चित्रात विमान कायम लेव्हल असतं, म्हणून हे कागदावर कधीच सापडत नाही. नोजव्हील असलेल्यांना हा प्रश्न नाही. पण आपलं विमान लोक बघतात ते बहुतेक वेळा जमिनीवर उभं असताना.

आणि दुसरं, टेप जवळून बघितली तर रिव्हेटची ओळ तिच्याखालून अगदी थोड्या कोनात जात होती, पुढे दोन सेंटिमीटर वर, मागे टेपच्या खाली. असं जवळजवळ समांतर असलं की डोळ्याला रेघ वाकडी वाटते, मोजून सरळ असली तरी. एकतर रिव्हेटला तंतोतंत धरून जायचं नाहीतर सरळ ठसठशीत कोनात कापून जायचं, मधलं काही चालत नाही.

मग कोन बदलत गेलो. रेघेचं मागचं टोक दोन अंश वर, सहा अंश वर, मधे कुठेतरी. टेप लावायची, टेल वर, टेल खाली, लांबून बघायचं, फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करायचा (रंग काढला की नुसती रेघ दिसते, याचा खूप उपयोग झाला), टेप काढायची. सहाला हवेतल्या पोझिशनमधे विमान नाक खाली करून उतरतानाच दिसत होतं, लेव्हल उडताना ते खोटं वाटेल. चार अंशांवर थांबलो. रेघ काऊलच्या एअर इनलेटच्या खालून निघते, कॅनपीच्या मागच्या कोपऱ्याला हात न लावता त्याच्या खालून जाते, आणि व्हर्टिकल फिनच्या मुळाशी संपते. जमिनीवर उतार आहे पण ओघळ नाही, हवेत मागे किंचित वर जाणारी. रिव्हेटच्या ओळी ती स्वच्छ कापते. निळाही त्याच रेघेखाली चढत जातो त्यामुळे पोट मागे निमुळतं वाटतं, हे मी ठरवलं नव्हतं, मिळालं.

अजून एक अडचण निघाली, फ्यूजलाज गोल आणि मागे निमुळतं, त्यामुळे बाजूने सरळ दिसणारी रेघ पाऊण कोनातून, म्हणजे नाकासमोर तिरकं उभं राहिलं की, वाकते. ती पूर्ण घालवता येत नाही. लेझर शक्य तितका लांब ठेवला, फ्यूजलाजच्या मध्यासमोर, आणि शेवटच्या एक मीटरला टेप हातानेच जरा वर सरकवली, पाऊण कोनातून बघत बघत. कडेसाठी साधी मास्किंग टेप नाही, व्हिनाइलची बारीक फाइन लाइन टेप, ती वळते आणि खालून रंग झिरपत नाही. काऊल लावलेली ठेवूनच टेप ओढायची, नाहीतर जॉइंटवर रेघ दोन मिलिमीटरने चुकते आणि ते आयुष्यभर दिसतं.

रजिस्ट्रेशनची अक्षरं आधी विसरलो होतो. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) ॲनेक्स ७ प्रमाणे फ्यूजलाजवर किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखाली ५० सेंटिमीटर उंची, आपापल्या देशाचा नियम वेगळा असू शकतो तो बघून घ्या. फ्यूजलाजवर ३० सेंटिमीटर बसवायला रेघेच्या वर मोकळी जागा लागतेच, आणि चार अंशांमुळे ती मागे कमी होत गेली, म्हणून अक्षरं कॅनपीच्या लगेच मागे पुढे ओढली. पंखाखाली निळ्यावर क्रीम अक्षरं, कॉन्ट्रास्ट भरपूर.

उरलेलं पटकन. स्टॅटिक पोर्टला (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्राला) रंगाची कड चढू द्यायची नाही, तिथे जाड थर झाला की एअरस्पीड आणि अल्टिमीटर दोन्ही चुकीचं दाखवतात, म्हणून पोर्टभोवती गोल मास्क आणि नंतर बोटाने तपासणी. विंडशील्डच्या पुढे काऊलवर मॅट करडा, क्रीमची चमक डोळ्यात येऊ नये म्हणून. प्रॉपेलरची मागची बाजू मॅट काळी, टोकं पिवळी.

आत्ता फ्यूजलाजवर टेप लागलेली आहे, टेल खाली टेकलेली. उद्या सकाळी उजेडात एकदा लांबून बघणार आणि डावी बाजू उजवीशी जुळवणार, उजव्या बाजूच्या खुणा आठ ठिकाणी मोजून कागदावर उतरवल्यात, लाँगरॉनपासून खाली किती मिलिमीटर ते. पुढच्या नोंदीत रंगानंतरचं वजन, सीजी आणि चारही सरफेसचा तोल, आकड्यांसकट.