आल्प्समधली पहिली स्की टूर: माझा अनुभव

झ्युरिकला आल्यापासून सह्याद्रीतले ट्रेक फार आठवायचे. उन्हाळ्यात इथे भरपूर चाललो पण हिवाळ्यात सगळ्या वाटा बर्फाखाली जातात, मग स्विस अल्पाइन क्लबचा मेंबर झालो आणि स्की टूरिंगचा कोर्स केला. यात लिफ्ट नसते, स्कीच्या तळाला पट्टे चिकटवायचे (पूर्वी सीलच्या कातड्याचे असायचे, आता मोहेर किंवा नायलॉनचे), टाच मोकळी ठेवून चढायचं, वर पोचलं की पट्टे काढायचे, टाच लॉक करायची आणि खाली.

कोर्समध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला तो हिमस्खलनावर, आणि तो जायलाच हवा. बीकन (रेडिओ सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) या तीन वस्तू प्रत्येकाकडे पाहिजेतच. पुरलेला बीकन बाणाच्या दिशेने शोधायचा, आकडा कमी होत आला की उपकरण बर्फाला टेकवून आडवं-उभं सरकवायचं, सगळ्यात लहान आकडा मिळेल तिथून गोल गोल २५-२५ सेंमीवर प्रोब खुपसत जायचं आणि माणूस लागला की उताराच्या खालच्या बाजूने खणायचं. बर्फाखालच्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने कमी होते, हेलिकॉप्टर (रेगा या हवाई बचाव सेवेचा नंबर १४१४) तेवढ्यात पोचेलच असं नाही, म्हणजे वाचवायचं ते सोबतच्यांनीच. हे ऐकल्यावर घरामागच्या बर्फात मित्रासोबत खूप सराव केला.

पहिली टूर रियाल्पहून रोटोंडो हटची (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर), गाव १५३८ मीटरवर आणि हट २५७० ला. खरं काम शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं. दावोसच्या एसएलएफ या बर्फ-हिमस्खलन संशोधन संस्थेचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन ५ वाजता येतं, सकाळी ८ ला पुन्हा येतं पण पहाटे निघणाऱ्याला आदल्या संध्याकाळचंच धरून चालावं लागतं. धोका ५ पैकी ३, उत्तरेकडच्या उतारांवर वाऱ्याने साठलेला बर्फ. स्विस गाईड मुंटर यांचा साधा नियम सांगतो की धोका २ असेल तर ४० अंशांच्या उताराखाली राहा, ३ ला ३५ च्या, ४ ला ३० च्या. स्विसटोपो या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर उताराचे रंग येतात, ३० पासून पिवळा आणि ३५ पासून नारिंगी, आम्ही नारिंगी टाळत वाट आखली आणि रविवारचं लेकिहॉर्न शिखर (३०६८ मीटर) तिथेच रद्द करून टाकलं. मला वाईट वाटलं, पण घरी बसून नकाशासमोर नाही म्हणणं खूप सोपं असतं, वर शिखर दिसायला लागल्यावर सगळ्यांचेच पाय पुढे ओढतात.

शनिवारी निघताना एकेकाचा बीकन तपासला. झिगझॅगमध्ये वळताना एक स्की उचलून उलटी फिरवायची असते, तिथे माझे गुडघे बोलायला लागले! हटवर जड बूट खाली काढून ठेवायचे, रजिस्टरमध्ये नाव आणि उद्याचं ठिकाण लिहायचं (शोधायची वेळ आली तर तेच कामाला येतं), साडेसहाला सगळ्यांनी एकत्र जेवायचं. सूप इतकं गरम होतं की बास.

रविवारी सौम्य उतारावरच गेलो, एका सपाटीवर पायाखाली घुम्म असा दबका आवाज आला. आतला कमकुवत थर दबला की असं होतं. गाईडने लगेच अंतर वाढवायला लावलं, मग एकेक करून खाली उतरलो आणि दुपारी रियाल्पहून ट्रेन पकडली.

कुणाला सुरुवात करायची असेल तर सामान भाड्याने मिळतं, बूट मात्र घालून, चालून बघा आणि बीकनचा कोर्स डिसेंबरमध्येच करून घ्या.