पंधरा किलोतली मसाई मारा

केनियातल्या मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्रात छोट्या विमानानं जाण्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून हे. प्रश्न बहुतेक वेळा एकाच सुरात येतो: ‘मुंबईहून नैरोबीला जाताना मोठमोठ्या बॅगा चालतात, मग नैरोबीहून माराला माणशी पंधराच किलो का? आणि एवढी काटकसर करायची, तर छोट्या विमानानं जायचंच कशाला?’

आधी पंधरा किलोंचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. या पंधरात हातातली पर्स, कॅमेरा, दुर्बीण आणि आत्यानं बांधून दिलेला चिवडा, सगळं धरलेलं असतं. ‘केबिन बॅग वेगळी’ हा मोठ्या विमानाचा हिशेब इथं चालत नाही. लोकांना वाटतं, कंपनी जास्तीचे पैसे काढायला बघते आहे. तसं नाही.

माराच्या मार्गावर सर्रास दिसणारं विमान म्हणजे सेस्नाचं ग्रँड कॅराव्हॅन. एकच इंजिन, नाकावर एकच पंखा, पंख डोक्यावरून गेलेले, आत बारा-तेरा खुर्च्या. उडताना त्याचं एकूण वजन जास्तीत जास्त ३,९६९ किलो असू शकतं. नव्या मॉडेलला थोडं जास्त चालतं. खुर्च्या आणि पोटाखालची सामानाची पेटी धरून रिकामं विमान साधारण २,३५० किलोंचं. उरले सोळाशे. दोन वैमानिकांचे १७० वजा करा. इंजिन तासाला दीडशे किलोंच्या वर इंधन खातं, त्यामुळे जाण्या-येण्याचं आणि राखीव मिळून चारशे किलो तरी लागतंच. आता हातात हजार-एक किलो राहिले. बारा जणांत वाटले तर माणशी ८५ किलो. सत्तर किलोंचा माणूस आणि पंधरा किलोंची बॅग, झाला हिशेब पूर्ण. टाक्या काठोकाठ भरल्या तर हजार किलोंवर इंधन बसतं, पण मग प्रवासी घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून टाक्या कधी पूर्ण भरत नाहीत, आणि तुमच्या बॅगेतले जास्तीचे पाच किलो कुणाच्या तरी वाट्याचे असतात.

हे आकडे ढोबळ आहेत, विमानागणिक बदलतात. पण त्यावर आणखी एक भर पडते, ती उंचीची. नैरोबीचा विल्सन विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर आहे आणि माराच्या बहुतेक धावपट्ट्या पाच हजारांच्या आसपास. तिथं हवा मुळातच विरळ. दुपारी पारा २८ अंशांवर गेला की ती आणखी विरळ होते आणि विमान आठ हजार फुटांवर असल्यासारखं वागायला लागतं. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद कमी पडते, धाव लांबते. मुंबईच्या समुद्रकाठावरून जे वजन सहज उचललं असतं, ते माराच्या दुपारी जड जातं. मातीच्या आखूड पट्टीवर लांब धावायला जागाही नसते.

आता ‘मऊ बॅग आणा’ का म्हणतात ते. सामान जातं पोटाखालच्या पेटीत. तिची आतली उंची जेमतेम दीड फूट, दारं बुटकी. कडक सुटकेस वजनात बसली तरी दारातून आत जात नाही, आणि गेलीच तर चार मऊ बॅगांची जागा अडवते. चाकांची, सांगाड्याची मऊ बॅगही त्याच कारणानं नको. सगळ्यात बरी म्हणजे साधी कापडी डफल, रिकामी असताना किलोभर वजनाची. मोठी सुटकेस नैरोबीच्या हॉटेलात किंवा विल्सनला कंपनीच्या सामानघरात ठेवता येते. ठेवून घेतील ना, हे आधी लेखी विचारून घ्या, आणि परतीचं विमान दुसऱ्याच विमानतळावर उतरत नाही ना, हेही बघा.

काय बसतं पंधरा किलोंत? तीन जोड कपडे तीन किलो. स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट सव्वा किलो. ते हवंच, माराची पहाट दहा-बारा अंशांची असते आणि गाडी उघडी असते. औषधं, साबण, ब्रश किलोभर. दुर्बीण पाऊण. कॅमेरा आणि १००-४०० ची लेन्स मिळून अडीच किलो. चार्जर, पॉवर बँक, तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग, सगळं पाऊण किलो. बॅगेचा स्वतःचा एक. दहा-सव्वादहा किलो झाले, म्हणजे चिवड्याला जागा आहे. बूट पायात घाला. बहुतेक कॅम्प रोज कपडे धुऊन देतात, पण अंतर्वस्त्रं धुवायला घेत नाहीत असेही पुष्कळ आहेत; खोलीत साबणाची पूड ठेवलेली दिसली तर अर्थ तोच. मोठ्या लेन्सवाल्यांनी सरळ सामानासाठी जादा सीट विकत घ्यावी. काउंटरवर ‘थोडं चालवून घ्या ना’ म्हणण्यावर भरवसा ठेवू नये. विमान रिकामं असेल तर चालवतात. भरलेलं असेल तर बॅग मागं राहते आणि जागा असेल तेव्हा पुढच्या विमानानं येते.

कधीकधी तुमचं स्वतःचं वजनही विचारतात. खरं सांगा. ते कुणाला कुठं बसवायचं यासाठी असतं. वजन फार मागं गेलं तर विमानाचा तोल बिघडतो. शंभर किलोंच्या वरच्या माणसानं तर बुकिंग करतानाच सांगावं.

मग दुसरा प्रश्न: जायचंच कशाला? नैरोबीहून नारोकमार्गे गाडीनं माराच्या फाटकापर्यंत पाच-सहा तास लागतात, आतले कॅम्प आणखी पुढे. शेवटचा रस्ता हाडं खिळखिळी करणारा. विमानानं पाऊण तास. भाडं एका बाजूचं साधारण २०० ते २५० डॉलर, हंगामानुसार कमी-जास्त. माझं मत असं: तीन रात्री किंवा त्याहून कमी असतील, किंवा बरोबर पाठीचं दुखणं असलेलं कुणी असेल, तर विमान. सहा जणांचं कुटुंब एक अख्खी लँड क्रूझर घेणार असेल आणि वाटेत नैवाशा सरोवरही करायचं असेल, तर गाडी. जाताना एक आणि परतताना दुसरं, असाही मेळ छान बसतो.

पण विमानानं जाणाऱ्यांचा एक घोटाळा नेहमी होतो. तिथं तुमच्याकडे गाडी नसते. धावपट्टीवरून नेणं-आणणं आणि प्राणी बघायच्या रोजच्या फेऱ्या कॅम्पच्याच गाडीतून. म्हणून दर विचारताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: पट्टीवरून ने-आण दरात आहे का, दिवसाला किती फेऱ्या आहेत, आणि गाडीत आणखी किती माणसं असतील. स्वस्त वाटलेला कॅम्प इथं महाग पडतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे तिकिटावर नुसतं ‘मारा’ बघून पुढे जाणं. मारात एक विमानतळ नाही, विखुरलेल्या बऱ्याच पट्ट्या आहेत: कीकोरोक, ओल किओम्बो, मुसियारा, मारा सेरेना, किचवा टेंबो, अंगामा, मारा नॉर्थ वगैरे. मधून मारा नदी वाहते. नदीच्या पश्चिमेचा भाग म्हणजे मारा ट्रँगल, त्याची व्यवस्था २००१ पासून मारा कॉन्झर्वन्सी या संस्थेकडे आहे. तुमचा कॅम्प ट्रँगलमध्ये आणि उतरलात कीकोरोकला, तर दक्षिणेला तांझानियाच्या हद्दीजवळच्या पुरुंगत पुलापर्यंत जाऊन पलीकडे यावं लागतं. अर्धा दिवस त्यातच जातो. कॅम्पला विचारा, ‘तुमची पट्टी कोणती?’ आणि तेच नाव तिकिटावर आहे का ते पाहा.

हे विमान एसटीसारखं चालतं. वाटेत दोन-तीन पट्ट्यांवर उतरतं, क्रम त्या दिवशीच्या प्रवाशांवर ठरतो. ज्या पट्टीवर कुणी चढणार-उतरणार नाही ती गाळली जाते. विनंती थांबाच म्हणा ना. त्यामुळे पाऊण तासाचा प्रवास दीड तासावर जाऊ शकतो. वैमानिक मागं वळून नाव सांगतो, ते ऐका. सगळे उतरले म्हणून आपणही उतरू नये.

विल्सनबद्दल थोडं. १९२९ मध्ये विल्सन एअरवेज सुरू करणाऱ्या फ्लॉरेन्स विल्सन यांचं नाव त्याला आहे. मुंबईचं विमान उतरतं ते जोमो केन्याटा विमानतळावर; विल्सन तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर. अंतर थोडं, गर्दी अफाट. मोठं विमान उतरल्यापासून छोटं सुटेपर्यंत चार तास धरा, तीनच्या खाली तर जाऊच नका. सकाळच्या विमानानं जायचं असेल तर आदल्या रात्री नैरोबीत मुक्काम. विल्सनला कंपन्यांच्या इमारती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे टॅक्सीवाल्याला कंपनीचं नाव सांगा.

सकाळचंच विमान घ्या, असं मी का म्हणतो? नाँग टेकड्या ओलांडल्या की जमीन एकदम खाली जाते आणि रिफ्ट दरी पसरते, उजव्या हाताला सुस्वा ज्वालामुखीचं रुंद मुख. दुपारी दरीची तापलेली हवा वर येते आणि विमान सुपात पाखडल्यासारखं हलतं. त्यात धोका नाही, पण पोट ढवळतं. गाडी लागते त्यांनी गोळी अर्धा तास आधीच घ्यावी. आत बसल्यावर घेतलेली उपयोगी पडत नाही. विमानात शौचालय नाही. आतल्या हवेचा दाब मोठ्या विमानासारखा राखलेला नसतो, म्हणून सर्दी असेल तर उतरताना कान दुखतात; लहान मुलांना त्या वेळी काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या. सकाळचीही एक अडचण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नैरोबीवर खालचे ढग बसतात आणि ते उठेपर्यंत विमान थांबतं.

सुरक्षिततेचं विचारता, तर कंपनीला हे विचारा: एक वैमानिक असतो की दोन? कॅराव्हॅन एकट्यानं उडवायची परवानगी आहे, पण मी दोन असलेली कंपनी निवडेन. आणि प्रवास विम्यात छोट्या चार्टर विमानांना वगळलेलं नाही ना, तेही वाचा. कॅम्पपासून मोठं रुग्णालय दूर असतं; विल्सनहून चालणाऱ्या अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स या हवाई रुग्णवाहिका सेवेचं पर्यटकांसाठीचं संरक्षण कॅम्पच्या दरात आहे का विचारा. नसेल तर वेगळं घ्या.

पट्ट्या बहुतेक मुरमाच्या. तिकडेही त्याला मरमच म्हणतात. भोवतीची माती मात्र काळी, आपल्या विदर्भातल्यासारखी. पावसात चाक धरून ठेवणारी. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा. पट्टी भिजली की विमान दुसऱ्या पट्टीवर उतरवतात आणि कॅम्पची गाडी चिखलातून तिकडे येते. दिवे नसल्यामुळे रात्री उतरता येत नाही, म्हणून सगळं सूर्यास्ताच्या, म्हणजे साडेसहा-पावणेसातच्या आत. पट्टीवर झेब्रे चरत असतील तर आधी कॅम्पची गाडी पट्टीभर फिरून त्यांना हाकलते, किंवा विमानच एकदा खालून घिरटी घालतं. ती घिरटी म्हणजे काही बिघडलं असं समजून घाबरू नका. हाकलणं किती गरजेचं आहे ते २०१९ मध्ये किचवा टेंबोला दिसलं. उतरणारं विमान विल्डबीस्टच्या कळपाला धडकलं. माणसं वाचली, दोन जनावरं मेली.

परतीची वेळ आदल्या संध्याकाळी कॅम्पकडून पक्की होते. पट्टीवर कंपनीचा माणूस नसतो, यादी कॅम्पच्या ड्रायव्हरकडे. विमान पंधरा-वीस मिनिटं आधीही येतं आणि थांबत नाही. त्यात प्रवेशशुल्काची मेख आहे: मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. मुक्काम राखीव क्षेत्राच्या आत असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. दुपारचं विमान घेऊन ‘आणखी एक फेरी मिळेल’ असा विचार करणाऱ्यांनी त्या फेरीची किंमत आधी मोजावी. त्याच रात्री मुंबईचं विमान असेल तर दिवसातलं शेवटचं छोटं विमान मुळीच घेऊ नका.

कागदपत्रांत पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर केनियाहून परतताना आपल्याच विमानतळावर विलगीकरणात बसवतात. लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. साठीच्या वरच्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ ऑनलाइन परवानगी, लागते. ड्रोन घरी ठेवा, विमानतळावर काढून घेतात. चिवडा-लाडू प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत नकोत, त्यांवर २०१७ पासून बंदी आहे. कापडी पिशवी किंवा हलका डबा बरा.

आणि नकाशा पाहून शेवटी हमखास येणारा प्रश्न: मारा आणि तांझानियातलं सेरेंगेटी चिकटलेलेच आहेत, तर तिथून तिथं विमान का नाही? मधली वाळूनदीची (सँड रिव्हर) हद्द पर्यटकांना बंद आहे. मारातून छोट्या विमानानं मिगोरीला जायचं, तिथून गाडीनं इसेबानियाला हद्द पायी ओलांडायची, पलीकडे सिरारीला तांझानियाचे शिक्के घ्यायचे, गाडीनं तारिमेच्या पट्टीवर, आणि तिथून दुसऱ्या विमानानं सेरेंगेटीतल्या कोगातेंडेला. सकाळी निघालात तर दुपारी पोचता. तांझानियाचा व्हिसा आधी काढलेला असावा, पिवळं कार्ड तिथंही बघतात, आणि बॅग दोन्ही विमानांत तीच पंधरा किलोंची.