दोन तासांचं काम आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा फॉर्म

पॉलिसोम प्रोफाइलिंग, म्हणजे एमआरएनएवर (जनुकाच्या संदेशावर) किती रायबोसोम (प्रथिन बनवणारी यंत्रं) बसलेत हे बघणं, अवघड असतं असं सगळे सांगतात. मला त्यात सगळ्यात अवघड गेला तो एक फॉर्म.

माझं काम ईआयएफ४ए१ या आरएनए हेलिकेजवर आहे. एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाकडच्या गुंतागुंतीच्या घड्या ही हेलिकेज एटीपी खर्चून उलगडते, मग रायबोसोमला पुढे सरकता येतं. मिक, सायक्लिन डी१ अशा कर्करोगाला पोसणाऱ्या जनुकांचे एमआरएनए तिच्यावर जास्तच विसंबून असतात. मी कर्करोगाच्या पेशींना हिप्युरिस्टॅनॉल हे औषध दिलं. त्यामुळे या हेलिकेजला आरएनएवर पकड घेता येत नाही. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन मोजायच्या चाचणीत, मिकचं प्रथिन उतरलं, एमआरएनए होता तेवढाच राहिला. मी खूश. पण सरांनी विचारलं, "प्रथिन बनायचं थांबलं, की बनलेलं लवकर मोडतंय?" मिकचं अर्धायुष्य मुळातच अर्ध्या तासाच्या आत-बाहेर, त्यामुळे प्रश्न रास्त होता. म्हणजे एमआरएनएवर रायबोसोम किती बसलेत हेच बघायला हवं होतं.

त्यासाठी लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) सुक्रोज ग्रेडियंटवर, म्हणजे खाली दाट आणि वर पातळ अशा साखरेच्या द्रावणावर, चढवून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये साधारण ३६,००० आरपीएमला दोन तास फिरवायचं. जास्त रायबोसोम बसलेला एमआरएनए जड, म्हणून तो जास्त खाली जातो. फक्त दोन तास! पण मशीन सामायिक, आणि ते मिळवायला फॉर्म. रोटर (नळ्या धरून फिरणारा भाग) कोणता, वेग किती, नमुना कसला, खाली सरांची सही, मग प्रभारींची सही. नमुन्याच्या रकान्यात 'मानवी कर्करोग पेशी' असं लिहिलेलं दिसताच फॉर्म परत आला: जैवसुरक्षेचा दाखला जोडा. अहो, पेशी डिटर्जंटमध्ये केव्हाच फुटलेल्या, त्यात जिवंत काही उरलेलंच नाही! हे तोंडी सांगितलं, लिहून दिलं. दाखला आणला, तर प्रभारी रजेवर. ते आले, तर कुणीतरी विषाणू गोळा करायला रात्रभराचे स्लॉट अडवून ठेवलेले. स्विंगिंग बकेट रोटरच्या किल्लीची वही वेगळीच, ती भरल्याशिवाय कपाट उघडत नाही. सही घेऊन किल्ली हातात आली तेव्हा कळलं की रोटर बाहेरच ठेवलाय, खोलीच्या तापमानाला. तो ४ अंशांवर येईपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. चिडचिड अजून गेलेली नाही.

म्हणून सांगते, रकान्यात 'पेशीविरहित लायसेट' एवढंच लिहा. ते खरंही आहे आणि पुरेसंही. लायसेट द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८०ला ठेवता येतं. ग्रेडियंटचंही तसंच. सुक्रोजचे थर खालून वर एकेक ओतून गोठवत जा आणि आदल्या रात्री ४ अंशांवर काढून ठेवा, सकाळपर्यंत आपोआप मिसळतात. स्लॉट अचानक मिळाला तर धावपळ होत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग सुरळीत झाला. औषध न दिलेल्या पेशींत पॉलिसोमची (अनेक रायबोसोम बसलेल्या एमआरएनएची) शिखरं ठसठशीत, औषध दिलेल्यांत ती बसलेली आणि ८०एसचं (एकेकट्या रायबोसोमचं) शिखर उंच. मग ग्रेडियंटच्या प्रत्येक फ्रॅक्शनमधून (वरून खाली वेगळ्या काढलेल्या भागातून) आरएनए काढून, कुठला एमआरएनए किती ते मोजायला क्यूपीसीआर केलं. मिकचा एमआरएनए जड फ्रॅक्शनमधून हलक्यांत सरकला होता, तुलनेसाठी घेतलेल्या बीटा-अ‍ॅक्टिनचा त्यामानाने कमी. आलेख पाहून सरांनी फक्त "हं" म्हटलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ!

हो, रायबोसोमना जागीच थांबवणाऱ्या सायक्लोहेक्झिमाइडचं राहिलंच. ते पेशी गोळा करण्याआधी माध्यमात घाला आणि पुढच्या प्रत्येक बफरमध्येही ठेवा, नाहीतर रायबोसोम एमआरएनएवरून निसटत राहतात. आरएनए तोडणारं आरएनेज शिरलं तरी पॉलिसोम तुटून ८०एस वाढतं, म्हणजे चित्र हुबेहूब औषधाच्या परिणामासारखं. त्यामुळे औषध न दिलेल्या नमुन्यात पॉलिसोम शाबूत दिसल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवू नका. आणि एका नळीत ईडीटीए घालाच. मॅग्नेशियम बांधलं जाऊन रायबोसोमचे ४०एस आणि ६०एस असे दोन भाग सुटे होतात. तरीही जड फ्रॅक्शनमध्ये काही उरलं, तर ते पॉलिसोम नव्हेत.